घरच्या संगणकाला अँटिव्हायरस विकत घ्यावे का, आणि सॉफ्टवेअर सुरक्षितपणे कसे डाउनलोड करावे

नवा संगणक घेतला की दुकानदार बिलात वर्षभराचे अँटिव्हायरस बहुधा जोडूनच देतो, आणि वर्ष सरले की मुदत संपल्याची लाल सूचना रोज पडद्यावर येऊ लागते. ज्या घरी संगणकाचा उपयोग सातबारा काढणे, मुलांचा अभ्यास, टायपिंग आणि बँकेचे व्यवहार एवढ्यापुरता आहे, त्या घरी हा खर्च दरवर्षी करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे अँटिव्हायरस मुळातच असते. ते चालू आणि अद्ययावत ठेवणे तेवढे आपल्याकडे असते.

त्यासाठी स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडावे, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जावे आणि ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू असल्याची खात्री करावी. दुसऱ्या कंपनीचे अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर आपोआप बाजूला होते. म्हणून मुदत संपलेले अँटिव्हायरस तसेच न ठेवता काढून टाकावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि डिफेंडर परत चालू झाले का ते पाहावे.

अपडेटचे घोडे मात्र खेड्यात हमखास अडते. विदर्भातल्या कित्येक गावांत घरचे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि डेटा वाचावा म्हणून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलेले असते, त्यामुळे बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जगभर पसरले, तेव्हा त्याने वापरलेली त्रुटी दूर करणारे अपडेट मार्चमध्येच आलेले होते. ते अपडेट न घेतलेले संगणक त्याच्या तावडीत सापडले. म्हणून आठवड्यातून एकदा, वीज आणि नेट दोन्ही धड असताना, सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ उघडून स्वतःच्या हाताने अपडेट घ्यावे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांचा संगणक विंडोज ११ पेलू शकतो, त्यांनी अँटिव्हायरसवर पैसे घालण्याआधी विंडोज ११ टाकून घ्यावे.

सॉफ्टवेअर डाउनलोड करताना शोधाच्या निकालांत सर्वांत वर येणाऱ्या दुव्यावर लगेच क्लिक करू नये, कारण तो पुष्कळदा ‘स्पॉन्सर्ड’ म्हणजे जाहिरातीचा असतो. उदाहरणार्थ, व्हिडिओ पाहण्याचे व्हीएलसी हवे असेल तर ते व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळत असेल तर तिथूनही चालेल. इतर संकेतस्थळांवर एकाच पानावर तीन-चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणे दिसतात, त्यांतली बहुतेक जाहिराती असतात. फाइल उघडताना विंडोज परवानगी विचारते, तेव्हा घाईने ‘येस’ न दाबता प्रकाशकाचे नाव वाचावे. कृषी केंद्रात बियाण्याची थैली घेताना आपण कंपनी आणि सील पाहतो, तसेच हे आहे. पुढे इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ हा पर्याय असेल तर तो निवडून सोबत येणाऱ्या टूलबारसारख्या वस्तूंपुढच्या टिकच्या खुणा काढून टाकाव्यात.

फुकटात विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारी क्रॅक घरात आणूच नयेत. त्यांच्यासोबतच्या सूचनेत पुष्कळदा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगितलेले असते, आणि कुलूप काढायला सांगणाऱ्याचा हेतू ओळखणे अवघड नसावे. पत्रे आणि अर्ज लिहिण्यासाठी लिबरऑफिस मोफत, कायदेशीर आणि पुरेसे आहे.

तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह हा व्हायरस घरात येण्याचा दुसरा मोठा मार्ग. फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटा बाण दिसत असेल, तर मूळ फोल्डर लपवून त्या जागी शॉर्टकट ठेवल्याचा संशय घ्यावा आणि त्यावर डबल क्लिक करू नये. ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन करावे. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइल दाखवायला सांगितले की आपले फोल्डर बहुधा जागेवरच सापडते.

एवढे करूनही चुकीची फाइल चालवली गेलीच, तर प्रथम नेट तोडावे आणि विंडोज सिक्युरिटीतील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड त्या संगणकावरून न बदलता दुसऱ्या सुरक्षित मोबाइलवरून बदलावा. खात्यातून पैसे गेले असतील, तर स्कॅन संपण्याची वाट न पाहता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.