थंडीत कॅटफिश सुस्तावला? आधी पाणी तपासा, मग औषधाची बाटली उघडा

रात्री गारठा पडायला लागला की घरच्या काचेच्या टाकीत कॅटफिश (मिशावाले मासे) पाळणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: मासा तळाला पडून आहे, कोणतं औषध टाकू? पण तळाला पडून राहणं ही कॅटफिशची राहणीच आहे. प्लेको हा काचेला चिकटणारा कॅटफिश दिवसभर लाकडाखाली दडतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. सायनोडॉन्टिस या दुसऱ्या कॅटफिशच्या काही जाती तर उलट्या पोहतात. मासा मरायला टेकला म्हणून कुणी तो वेगळ्या भांड्यात काढून ठेवतं आणि तो मात्र धडधाकट असतो.

म्हणून पाहणी रात्री करा. टाकीतला दिवा घालवून अर्धा तास थांबा, मग टॉर्चच्या मंद उजेडात मिशा, पोट आणि कल्ले बघा.

मिशा तळाचं सगळं सांगून जातात. निरोगी कोरीडोरासच्या (छोटा कॅटफिश, लाडाने कोरी) मिशा बारीक, टोकदार आणि सतत हलत्या असतात. त्या आखूड होऊन नुसती थुटं उरली असतील, तर दोष बहुतेक वेळा टोकदार खडीवर ढकलला जातो. माझ्या मते खरा गुन्हेगार खडीत कुजणारा गाळ असतो. सायफनची नळी खडीत खुपसून पाहा. काळपट पाणी आणि सडका वास आला तर उत्तर मिळालं. मिशीचं मूळ शाबूत असेल तर तळ स्वच्छ झाल्यावर ती हळूहळू पुन्हा वाढते.

पोटाखाली लाली दिसली तर अमोनियाचा किंवा जिवाणूंचा संशय घ्या. प्लेको काचेला चिकटलेला असताना पोट आत गेलेलं दिसलं, तर बऱ्याचदा तो उपाशी असतो. दिवसा टाकलेलं खाणं वरचे मासेच फस्त करतात. त्याचा घास दिवा घालवल्यावर द्या.

कल्ल्यांकडे जरा नीट बघा. कोरीडोरास अधूनमधून झपकन वर जाऊन हवेचा घोट घेतो, आतड्यातून तो ती हवा वापरतो, हे नेहमीचंच. पण मिनिटामिनिटाला फेऱ्या होऊ लागल्या तर काहीतरी बिघडलंय. उन्हाळ्यात पहिला संशय ऑक्सिजनवर जातो, कारण 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 20 अंशांना तोच 9 मिलिग्रॅमपर्यंत मावतो. थंडीतही मासा धापा टाकत असेल तर एअर पंप चालू आहे ना ते पाहा, आणि लगेच नायट्राइट मोजा, म्हणजे अमोनियापासून टाकीत तयार होणारं विषारी द्रव्य. नायट्राइटने रक्त तपकिरी होतं आणि ऑक्सिजन असूनही शरीराला पोचत नाही.

टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत, नायट्रेट 20 ते 40 पीपीएमच्या आत. अमोनियाचा आकडा सामूशिवाय (पीएच) वाचू नका. 25 अंशांना सामू 7 असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो.

एका थंडीत माझ्याच हातून घोळ झाला. स्पंज फिल्टर फारच मळला म्हणून नळाखाली धरून पांढराफटक होईपर्यंत धुतला. तिसऱ्या दिवशी सहाही कोरी माशांच्या पोटाखाली लाली आणि मिशा चिकटून आलेल्या. क्लोरीनने स्पंजमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मारले होते आणि गारठ्यात नवे लवकर वाढेनात. औषध काहीच घातलं नाही. खाणं बंद केलं आणि रोज चौथा हिस्सा पाणी बदललं, क्लोरीन काढून आणि टाकीच्याच तापमानाला आणून. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, क्लोरामाइन उडत नाही. त्याला डीक्लोरिनेटरच लागतो.

थंडीतला नेहमीचा खरा रोग म्हणजे पांढरे ठिपके, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे. रात्री तापमान चार-पाच अंशांनी घसरलं की मासा अशक्त होतो आणि परजीवीला संधी मिळते. ठिपक्यातला परजीवी औषधाला दाद देत नाही. तो सुटून पाण्यात फुटतो, पिल्लं पोहायला लागतात, तेव्हाच औषध लागू पडतं. 25 अंशांना हे चक्र आठवडाभरात उरकतं, गार पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं. त्यामुळे ठिपके गेले म्हणून उपचार मध्येच सोडू नका.

कॅटफिशला खवले नसतात. कोरी-प्लेकोसारख्यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात, पण त्यांनाही मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन आणि तांबंयुक्त औषधं बाधतात. बाटलीवरच्या अर्ध्या मात्रेने सुरुवात करा, फिल्टरमधला कोळसा काढा (तो औषध शोषून घेतो), हवा वाढवा. ठिपक्यांसाठी हीटर 30 वर नेण्याची घाई मला पटत नाही. त्याने ऑक्सिजन घटतो, अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो आणि कोरीला मुळात 22 ते 26 अंशच मानवतात. दिवसाला एखाद-दोन अंश चढवत 26 वर स्थिर ठेवा. लिटरमागे साधारण एक वॉटचा हीटर पुरतो.

मासा पकडायचा तर जाळी नको. छातीच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात आणि सोडवताना पर फाटतो. प्लास्टिकचं भांडं पुढे धरून त्यात हाकला.

आणि किंचित गार पाण्याने बदल केल्यावर कोऱ्या एकमेकींमागे सैरावैरा धावू लागल्या तर घाबरू नका. त्यांना पावसाची चाहूल लागल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी काचेवर मोहरीएवढी फिकट अंडी चिकटलेली आहेत का, ते बघा.