विरजणातून खमिराचा दाखला
येशूचा खमिराचा दाखला (बोधकथा) मुलांना विरजणातून दाखवायचा आहे. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेआधी अर्धा लिटर म्हशीचं दूध तापवून कोमट करा. बोट बुडवून सहज ठेवता आलं पाहिजे. कढत दुधात विरजण मरतं, गार दुधात लागत नाही. चमचाभर विरजण मुलांच्याच हातानं घाला. कोल्हापूरच्या थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवून ८-१० तास हलवू नका. मुलं झाकण उघडून बघणारच, बघू द्या. आत काही घडताना दिसत नाही, हेच तर त्यांनी पाहायला हवं!

सकाळी घट्ट दही समोर ठेवून बायबलमधलं मत्तय १३:३३ वाचा, तिथं हा दाखला आहे. तिथं दही नाही, तीन मापं पिठात लपवलेलं खमीर (पीठ आंबवून फुगवणारं) आहे, हे स्पष्ट सांगा. मग एवढंच विचारा, "विरजण कुठं गेलं?" उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या, मध्येच प्रवचन सुरू केलं की लक्ष उडतं.