इंकस्केपमध्ये अणूचा आयकॉन: तीन लंबवर्तुळं आणि एक केंद्रक

ॲपला किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाला खूण हवी असेल तर अणू चटकन ओळखू येतो. (काम फक्त रसायनशास्त्राचं असेल तर शंकुपात्र बरं.) इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात असे ग्रहांसारखे ठरावीक कक्षेत फिरत नाहीत, पण खूण म्हणून हे चित्र पक्कं रुजलंय. ठिपक्यांवर चालणाऱ्या गिंप या चित्रप्रणालीतही जमेल, मात्र आयकॉन लहानमोठा करावा लागतोच, म्हणून व्हेक्टरवर (कितीही ताणलं तरी न फाटणाऱ्या रेषांवर) चालणारं, फुकट मिळणारं इंकस्केप घ्या.

पान ५१२ × ५१२ पिक्सेलचं ठेवा. आधी मधोमध ८० पिक्सेल व्यासाचं भरीव वर्तुळ काढा, हे केंद्रक. मग एलिप्स टूलने लंबवर्तुळ काढून वरच्या पट्टीत आरएक्स (अर्धी रुंदी) ८०, आरवाय (अर्धी उंची) २१० टाका. फिल (आतला रंग) काढून टाका, स्ट्रोकची (कडेच्या रेषेची) जाडी ३२ द्या आणि अलाइनमध्ये ‘पेज’ निवडून तेही मध्यावर आणा. ३२ च का? ५१२ चा आयकॉन १६ वर आला की ही रेषा बरोबर १ पिक्सेलची होते. २० ची ठेवली तर नुसती करडी धूसर दिसते.

आता इलेक्ट्रॉन: ६४ चं वर्तुळ, एक्स २२४, वाय १४. त्याच्याभोवती फट हवी, नाहीतर तो रेषेला आलेल्या फोडासारखा दिसतो. फटीसाठी मागे पांढरं वर्तुळ ठेवू नका. गडद पार्श्वभूमीवर ते लगेच उघडं पडतं. रेषाच कापा. लंबवर्तुळ निवडून पाथ मेनूतलं ‘स्ट्रोक टू पाथ’ करा (रेषेचाच आकार बनतो), त्यावर ११२ चं वर्तुळ ठेवा (एक्स २००, वाय उणे १०), दोन्ही निवडून त्याच मेनूतलं ‘डिफरन्स’ करा, म्हणजे वरचा आकार खालच्यातून कापला जातो. स्ट्रोक टू पाथ विसरलात तर इंकस्केप लंबवर्तुळ भरीव धरून चावा घेतं आणि त्या चाव्यालाही कड येते.

कापलेली रेषा आणि इलेक्ट्रॉन यांचा ग्रुप करा. इथेच बहुतेकांचं चित्र तिरकं जातं. इलेक्ट्रॉन वर डोकावतो, त्यामुळे ग्रुपचा मध्य पानाच्या मध्याहून वर सरकतो. ग्रुपवर पुन्हा क्लिक केलं की फिरवण्याचे बाण आणि मध्ये छोटी फुली दिसते. ती फुली केंद्रकाच्या मध्यावर ओढा. स्नॅपिंगमध्ये (आपोआप चिकटण्याच्या सोयीत) वस्तूंचे मध्यबिंदू चालू असले की ती तिथे बसते.

कंट्रोल+डीने प्रत काढून ट्रान्सफॉर्ममधून १२० अंश फिरवा, मूळ ग्रुपचीच दुसरी प्रत २४० अंश. ६० आणि १२० दिलेत तरी लंबवर्तुळं तश्शीच दिसतील, पण तिन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूला गोळा होतील. (तीन इलेक्ट्रॉन म्हणजे लिथियम; कुणी विचारलंच तर उत्तर तयार.)

शेवटी सगळे ग्रुप सोडवून, सगळं निवडून पाथ मेनूतलं ‘युनियन’ करा, म्हणजे सगळ्यांचा एकच आकार होतो. ‘कम्बाइन’ केलंत तर रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोकं पडू शकतात. रंग फिका निळा नको: रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा लोगो असाच आहे, लोक तोच समजतील.

एक्स्पोर्ट करताना ‘पेज’ निवडा. ‘सिलेक्शन’ घेतलंत तर कडेची मोकळी जागा छाटली जाते. ५१२ आणि १९२ चे पीएनजी, शिवाय प्लेन एसव्हीजी काढून ठेवा. १६ साठी मात्र वेगळी फाइल करा: इलेक्ट्रॉन वगळा, दोनच लंबवर्तुळं एकमेकांवर फुलीसारखी ठेवा, केंद्रक ९६ चं करा.