जुन्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना या चुका टाळा

खान्देशात आजही कित्येक घरांच्या ओट्यासमोर किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली एखादी अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा किंवा महिंद्राची जुनी जीप उभी असते. वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी भंगारात घालणे जिवावर येते. मूळ इंजिन थकलेले असते म्हणून दुसरे बसवायचे ठरते, आणि त्याच खर्चात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला तर गुडघे दुखणाऱ्या वडिलांनाही गाडी चालवता येईल, असा विचार पुढे येतो. विचार चांगला आहे. परंतु अर्धवट राहिलेली जी कामे मी जवळून पाहिली, त्यांपैकी बहुतेकांत गिअरबॉक्स स्वस्त मिळाला म्हणून आधी विकत घेतला गेला होता आणि तो या गाडीला चालेल का, हा प्रश्न नंतर विचारला गेला होता.

सर्वांत आधीची चूक लोखंडाची नसून कागदाची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला आहे. त्यामुळे धुळे (एमएच-१८), जळगाव (एमएच-१९) किंवा नंदुरबार (एमएच-३९) यांपैकी ज्या आरटीओकडे गाडीची नोंद आहे, तेथे जाऊन कोणत्या इंजिनाला परवानगी मिळेल हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर अधिकच सांभाळावे, कारण २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून होणारी नोंदणी मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठीच आहे. अशा गाडीचे इंजिन बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक थोडक्यात सांगता येते. आजच्या बहुतेक लहान गाड्यांचे इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे असते आणि त्यांचा गिअरबॉक्स पुढची चाके फिरवतो. अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते, आणि ताकद प्रोपेलर शाफ्टने (गाडीखालच्या लांब दांड्याने) मागच्या हौजिंगकडे, म्हणजे मागच्या चाकांमधील डिफरन्शिअलकडे जाते. तेव्हा अपघातात गेलेल्या हॅचबॅकचा ऑटोमॅटिक कितीही स्वस्त मिळाला तरी तो या गाडीच्या उपयोगाचा नाही.

गिअरबॉक्सला इंजिनाची भाषा कळली पाहिजे

गिअर कधी बदलायचा आणि आतील क्लच किती दाबाने धरायचे, हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनाकडून मिळणाऱ्या खुणांवरून ठरवतो. जनरल मोटर्सच्या टीएच-३५० किंवा फोर्डच्या सी-४ सारख्या जुन्या तीन गिअरच्या पेट्या (गिअरबॉक्स) ही खूण पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील (हवा आत घेणाऱ्या नळ्यांमधील) व्हॅक्यूमवरून घेतात. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम तयारच होत नाही. आपल्याकडे बदललेले इंजिन बहुधा डिझेल असते. अशा वेळी वेगळा व्हॅक्यूम पंप आणि इंधन पंपाच्या दांडीला जोडलेला नियंत्रक व्हॉल्व्ह नसेल, तर पेटीला इंजिनावर सतत पूर्ण भार आहे असेच वाटत राहते. मग प्रत्येक गिअर उशिरा आणि धक्का देत पडतो. त्यातच पेट्रोलसाठी बनवलेल्या पेटीचा गव्हर्नर (वेगानुसार गिअर बदलणारा भाग) मिनिटाला ४,५०० किंवा त्याहून अधिक फेऱ्यांवर गिअर बदलण्यासाठी बसवलेला असेल आणि डिझेल इंजिन ४,००० च्या आसपासच अडत असेल, तर पूर्ण पाय दाबल्यावर पुढचा गिअर कधीच पडत नाही. मालक पेटी खराब निघाली म्हणून विकणाऱ्याशी भांडतो. पेटी मात्र ठणठणीत असते.

जनरल मोटर्सच्या ७००आर४ मध्ये आणि टोयोटाच्या ए-३४० मालिकेतील अनेक पेट्यांत थ्रॉटलला जोडलेली एक केबल असते. तिला केवळ ‘किकडाऊनची’ (पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी) केबल समजून सैल सोडणे ही माझ्या पाहण्यातील सर्वांत महाग चूक आहे. विशेषतः ७००आर४ मध्ये आतील तेलाचा दाब याच केबलवर ठरतो. ती सैल असली की दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि थोड्याच अंतरात जळतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबलही पूर्ण ताणली गेली पाहिजे, आणि कार्ब्युरेटर बदलला असेल तर त्याच्या दांडीची लांबी नव्याने जुळवून घेतली पाहिजे. पूर्ण इलेक्ट्रॉनिक पेटी घ्यायची असेल, तर इंजिन, पेटी, ईसीयू (त्यांचा नियंत्रक संगणक) आणि न कापलेले वायरिंग एकाच गाडीतून उचलावे. माझ्या मते आपल्या भागात हाच मार्ग सर्वांत कमी त्रासाचा ठरतो, कारण मग बेलहाउसिंग (पेटीला इंजिनाशी जोडणारे कवच), फ्लेक्सप्लेट (इंजिनामागची पातळ चकती) आणि स्टार्टरचे दातही आपोआप जुळतात.

हौजिंगचे गुणोत्तर न मोजता घेतलेली पेटी

समजा, मागच्या हौजिंगचे गुणोत्तर ४.५५ आहे (म्हणजे शाफ्टच्या ४.५५ फेऱ्यांत चाक एकदा फिरते) आणि चाक एका फेरीत सुमारे २ मीटर जाते. ताशी ८० किलोमीटरला चाकाच्या मिनिटाला सुमारे ६६७ फेऱ्या होतात, आणि ज्या पेटीचा शेवटचा गिअर १.०० आहे तिच्यामागे इंजिनाच्या जवळपास ३,०००. हाच प्रवास ०.७०५ चा ओव्हरड्राइव्ह (ज्यात इंजिन शाफ्टपेक्षा कमी फिरते असा गिअर) असलेल्या पेटीने केला तर इंजिन सुमारे २,१०० वर येते. धुळ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या सरळ महामार्गावर हा फरक कानाला आणि डिझेलच्या खर्चाला तासाभरातच जाणवतो. उलट बाजूही पाहावी. हौजिंगचे गुणोत्तर आधीच कमी असेल आणि इंजिन लहान असेल, तर ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन दबते, पेटी तिसऱ्या-चौथ्यात सारखी वर-खाली करते आणि तेल तापते. पहिल्या गिअरचा आकडा जुन्या मॅन्युअलपेक्षा कमी दिसला म्हणून मात्र घाबरू नये, कारण गाडी सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी बसून तेलातून ताकद पुढे देणारा भाग) इंजिनाची ओढ साधारण दुप्पट करून देतो.

जीपवाल्यांनी टेप घेऊन आणखी एक माप काढावे. सीजे-३बी या जुन्या जीपचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) ८० इंच आहे. मॅन्युअलपेक्षा लांब पेटी आणि तिच्यामागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) बसवला की मागचा शाफ्ट हातभर उरतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) वारंवार तुटतात.

कन्व्हर्टर बसवताना

पाचोऱ्याकडच्या एका कामात मी स्वतः हजर होतो. बेलहाउसिंग आणि इंजिन यांत बोटभर फट राहिली होती, आणि बोल्ट आवळले की ती मिटेल असे सर्वांनाच वाटले. फट मिटली. गाडी सुरू होताच किरकिर झाली आणि पेटीचा पंप फुटला. कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला नव्हता. तो हाताने फिरवत आत ढकलला की बहुतेक पेट्यांत टप्प्याटप्प्याने दोन-तीन वेळा ‘खट्’ असे जाणवते, आणि शेवटी त्याच्या खाचा पंपात अडकतात. त्यानंतर बेलहाउसिंग हातानेच इंजिनाला टेकली पाहिजे आणि कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. जागा उरत नसेल तर काम तिथेच थांबवावे.

खान्देशचा उन्हाळा

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सचे तेल थंड करण्याची सोयच नसते. तेलाचे तापमान साधारण १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून आलेल्या एका मित्राच्या कॉन्टेसाची डिपस्टिक मी पांढऱ्या रुमालावर पुसली, तेव्हा लाल असायला हवे होते ते तेल चहासारखे तपकिरी होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता. कूलर होता, पण तळहाताएवढा आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ बसवलेला. कूलर रेडिएटरच्या पुढे, मोकळ्या हवेत असावा, आणि पाइप पाण्याचा किंवा डिझेलचा नसून गरम तेलाच्या दाबासाठी बनवलेला असावा. पेटीत लॉकअप कन्व्हर्टर (वेगात इंजिन आणि पेटी घट्ट जोडणारा) असेल तर त्याची वायर जोडल्याशिवाय गाडी महामार्गावर नेऊ नये, कारण लॉकअप लागला नाही तर घसरण चालूच राहते आणि तिची सारी उष्णता तेलात उतरते.

घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडीला इंजिन मॅन्युअलइतके रोखून धरत नाही, त्यामुळे ड्रम ब्रेक आधी नीट करून घ्यावेत आणि उतारावर लिव्हर खालच्या गिअरमध्ये ठेवावा. बॅटरी उतरली तर अशा गाडीला धक्का मारून उपयोग होत नाही. बंद पडली तर मागची चाके जमिनीवर ठेवून ट्रॅक्टरने ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना पेटीचा पंप फिरत नाही आणि आतील भाग कोरडे घासतात. ओढणे भागच असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा.

पहिल्यांदा सुरू करताना निर्मात्याने सांगितलेल्याच प्रकारचे तेल भरावे. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबवत फिरवावा, आणि मग बहुतेक पेट्यांची पातळी गरम तेलावर, इंजिन चालू असतानाच, लिव्हर पार्किंगच्या (पी) स्थितीत ठेवून पाहावी. इंजिन बंद करून पाहिली तर कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरून पातळी जास्त दिसते. गिअर टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी हलत असेल, तर पेटी उघडण्याआधी हीच पातळी पुन्हा एकदा तपासावी.