लेथवरचा वाडगा घासायचा कसा

वाडगा लेथवरच (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) आहे, लाकूड नीट वाळलेलं आहे, नाकावर मास्क आहे आणि बाह्या दुमडलेल्या आहेत, असं धरून चालतो. टूलरेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायचा आडवा दांडा, मात्र काढूनच ठेवा. घासताना बोट त्यात अडकतं.

पॉलिश पेपर 120, 180, 240 आणि 320 नंबरचा घ्या, नंबर मोठा तितका पेपर बारीक. मधला नंबर गाळू नका.

बाहेरची बाजू सोपी. वेग कमी, पेपर हलका टेकवलेला, हात सरकता. झालं.

दमवते ती आतली बाजू. मलाही तिनंच दमवलं. फळीतून कातलेल्या वाडग्यात समोरासमोर दोन जागी लाकडाचे तंतू उभे येतात. तिथं पटाशी रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेच्या, उलट जाते आणि तंतू कापायच्या ऐवजी उपटते. लेथ बंद करून आतून बोट फिरवा, दोन खरबरीत पट्टे हाताला लागतील. आपल्या खानापूर पट्ट्यात सहज मिळणाऱ्या फणसात आणि आंब्यात हे हमखास, कारण त्यांची रेषा सरळ नसते.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘80 नंबर लाव आणि दाबून धर’. अजिबात ऐकू नका. भोवतालचं लाकूड आधी झिजतं, वाडग्याचा गोलावा बिघडतो आणि खड्डे जागच्या जागी राहतात. वर लाकूड तापून बारीक भेगा पडतात. पेपरामागचं बोट चटकायला लागलं की समजा, दाब किंवा वेग जास्त झालाय.

पेपर हे पटाशीचं काम करत नाही. गोल पटाशीला पुन्हा धार लावा आणि काठाकडून तळाकडे एकच पातळ कात घ्या. निम्मं दुखणं तिथंच संपतं. उरलेल्या पट्ट्यांवर, लेथ बंद ठेवून, ओलं फडकं फिरवा. दबलेले तंतू वर येतात. पूर्ण वाळू द्या, मग 120 नंबरनं हातानंच, रेषेच्या दिशेनं घासा. पट्टे हाताला लागेनासे झाले की मगच लेथ चालू. फिरत्या वाडग्याला फडकं कधीही लावायचं नाही, ते गुंडाळलं जातं आणि हात ओढून नेतं.

प्रत्येक नंबरनंतर धूळ पुसा, कारण 120 चा एक चुकार कण 320 ची सगळी मेहनत ओरबाडतो. टॉर्च तिरका धरून चरे शोधा. गोकाकच्या रंगीत लाकडी फळांवर रंगाचा थर असतो, तो बरंच पोटात घालतो. आपण शेवटी लावणार ते तेल उलट चरा ठळक करतं.

आता फिनिश. खाण्याच्या वाडग्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन उत्तम. सढळ लावा, रात्रभर मुरू द्या, उरलेलं पुसा. लाकूड कोरडं दिसलं की परत. शेंगदाणा तेल लावाल तर वाडगा खवट वास मारेल. जवसाचं कच्चं तेल सुंदर दिसतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, तेव्हा ते उन्हाळ्यातच लावा. दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल जेवणाच्या भांड्याला नकोच, त्यात सुकवणारी रसायनं घातलेली असतात. आणि जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. अंगणात एकेक पसरून वाळवा.