तांब्याची गोळी घेताय? मग या चुका टाळा

शिकारीच्या रायफलमध्ये शिशाची गोळी सोडून तांब्याच्या गोळीवर आलेले बरेच जण पहिल्याच दिवशी वैतागतात, ग्रुपच बसत नाही (गोळ्या टार्गेटवर जवळजवळ लागत नाहीत) म्हणतात आणि शिव्या रायफलला घालतात. बहुतेकदा रायफल बिचारी ठीक असते, गडबड गोळी निवडतानाच झालेली असते.

मोठी चूक म्हणजे सवयीने जुनंच वजन घेणं. शिशाची घनता 11.34 आणि तांब्याची 8.96 ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होणार, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला बॅरलचा ट्विस्ट (नळीच्या आतल्या खाचांचा पीळ) जास्त फास्ट लागतो. जुन्या 1:12 ट्विस्टच्या (12 इंचांत एक फेरा) .308 कॅलिबरच्या रायफलमध्ये 180 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घातली की टार्गेटवर भोकं चार दिशांना जाऊ शकतात, म्हणून सरळ 150 किंवा 165 वर या. हलकी गोळी एल्कसारख्या मोठ्या हरणाला पुरेल का? पुरते हो! शिशाची गोळी आत फुटून वजन गमावते, तांब्याची पाकळ्या उघडते आणि जवळजवळ सगळं वजन घेऊन खोल जाते.

पण त्या पाकळ्या उघडायला वेग लागतो, आणि हे लोक विसरतात. बऱ्याच गोळ्यांना जनावरापाशी पोचताना साधारण 1800 ते 2000 फूट प्रति सेकंद तरी वेग हवा, नाहीतर सुई टोचल्यासारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. तेव्हा कंपनीने दिलेला किमान वेग बघा, आपल्या बॅरलमधून तो किती यार्डांपर्यंत टिकतो ते काढा आणि त्यापुढे ट्रिगरला हात लावू नका.

अजून एक गंमत, वरून तांब्याचा रंग दिसला म्हणून गोळी तांब्याची होत नाही, नेहमीच्या जॅकेटवाल्या गोळीच्या पोटात शिसंच असतं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत, तिथे ही चूक थेट कायद्यात अडकवेल. बंदीमागचं एक मोठं कारण कॉन्डोर गिधाडं, शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन ती मरतात, आणि 1982 मध्ये ती जेमतेम 22 उरली होती.

बाकी, गोळी बदलली की झिरो परत करा (नेम पुन्हा जुळवा), वजन सेम असलं तरी. त्याआधी बॅरलमधलं जुनं फाउलिंग (साचलेला धातूचा थर) कॉपर सॉल्व्हेंटने काढा. आणि घरी राउंड (काडतुसं) भरत असाल तर गोळी रायफलिंगला (नळीतल्या खाचांना) चिकटवून बसवू नका, 0.050 इंचाच्या गॅपपासून सुरू करून बघा, बऱ्याच रायफलींना तेवढ्यानेच ग्रुप येतो.