परदेशी घाऊक खरेदी: पैसे पाठवण्याआधी काय तपासावे

खेळणी, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, स्वयंपाकघरातली छोटी उपकरणे असा माल महाराष्ट्रातले अनेक छोटे व्यापारी आता चीनमधल्या यीवू किंवा शेन्झेन शहरांतल्या पुरवठादारांकडून अलिबाबासारख्या संकेतस्थळांवरून थेट मागवतात. यातल्या फसवणुकीचे प्रकार बरेच असले, तरी नुकसान बहुधा एकाच क्षणी होते, आणि तो म्हणजे आपल्या बँकेतून रक्कम बाहेर पडण्याचा क्षण. परदेशात गेलेली रक्कम परत मिळवणे अतिशय अवघड असल्यामुळे सगळी पडताळणी त्याआधीच व्हायला हवी.

अलिबाबावर पुरवठादाराच्या नावापुढे दिसणारा ‘गोल्ड सप्लायर’ हा बिल्ला सशुल्क सदस्यत्वाचा आहे, सचोटीचा दाखला नव्हे. पुरवठादाराकडून त्याच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागवावी. चिनी कंपनीच्या परवान्यावर १८ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो चीन सरकारच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कंपनीचे कायदेशीर नाव चिनी लिपीतलेच असते, त्यामुळे करारावर आणि शिक्क्यावर तेच नाव आहे ना, हे अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. परवान्यातला व्यवसायाचा प्रकारही वाचून घ्यावा, कारण स्वतःला कारखानदार म्हणवणारा प्रत्यक्षात निव्वळ दलाल असल्याचे तिथे कळू शकते. बँक खाते कंपनीच्याच नावावर असावे. हाँगकाँगमधल्या दुसऱ्या कंपनीचे खाते दिले, तर त्या कंपनीची नोंदणी आणि दोन्ही कंपन्यांचा संबंध सांगणारे शिक्क्याचे पत्र मागावे. व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात मात्र एक रुपयाही भरू नये, मग कारण कितीही पटण्यासारखे असो.

सर्वांत जास्त सावध राहायला हवे ते व्यवहार सुरळीत चालू असताना. ३० टक्के आगाऊ रक्कम पोहोचलेली असते, माल तयार झाल्याचे फोटो आलेले असतात, आणि उरलेले ७० टक्के भरायच्या सुमारास मेल येतो की आमच्या खात्याचे लेखापरीक्षण चालू आहे, कृपया या नव्या खात्यात पैसे भरा. मेलमध्ये जुना सगळा पत्रव्यवहार खाली जोडलेला असतो, इन्व्हॉइसचा नमुनाही तोच असतो, फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवलेले असतात. कुणीतरी दोघांपैकी एकाच्या मेलमध्ये शिरून संधीची वाट पाहत बसलेला असतो. अशा वेळी त्या मेलला उत्तर देऊ नये, त्यात दिलेल्या क्रमांकावर फोनही करू नये. पहिल्यापासून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर, शक्यतो व्हिडिओ कॉल करून, खात्री करावी. खाते बदलणार नाही, अशी अट करारातच घालून ठेवली तर उत्तम.

अलिबाबाचे ‘ट्रेड अ‍ॅश्युरन्स’ संरक्षण त्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या आणि तिथेच पैसे भरलेल्या ऑर्डरलाच मिळते. ‘बाहेरून भरा, भाव कमी करतो’ असे म्हणणारा पुरवठादार आपले हे संरक्षणच काढून घेत असतो. मोठ्या ऑर्डरसाठी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे सादर झाल्यावरच पैसे देण्याची बँकेची हमी, योग्य आहे, पण बँक कागद पाहते, माल नाही. म्हणून आवश्यक कागदांमध्ये त्रयस्थ तपासणी संस्थेचा अहवालही लिहून घ्यावा.

नमुना उत्तम आणि खेप निकृष्ट, ही तक्रार नेहमीची आहे. ऑर्डरमध्ये वजन, जाडी, कच्चा माल, पॅकिंग हे सर्व आकड्यांत लिहावे आणि एसजीएस किंवा ब्युरो व्हेरिटाससारख्या संस्थेकडून माल रवाना होण्यापूर्वी तपासणी करून घेऊन मगच उरलेली रक्कम सोडावी. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची जहाज कंपनीची पावती, आले की त्यावरचा कंटेनर क्रमांक जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. बनावट कागद तिथे उघडा पडतो.

माल अस्सल असूनही न्हावाशेवा बंदरात अडकू शकतो. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तर पॉवर बँकसारख्या वस्तूंना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते. चिन्हाचा परवाना किंवा नोंदणी विशिष्ट कारखान्याला दिलेली असते, त्यामुळे पुरवठादाराने दाखवलेला क्रमांक खरोखर त्याच कारखान्याचा आहे का, हे ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पाहावे. ‘कागदपत्रांची काळजी नको, माल घरपोच देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून मी आवर्जून दूर राहायला सांगेन. आपल्या नावाचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे दाखल केलेले आयातीचे कागदपत्र, नसेल, तर आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचे (एकात्मिक जीएसटीचे) क्रेडिट मिळत नाही आणि परदेशी पाठवलेल्या रकमेपोटी माल आल्याचा पुरावा बँकेला देता येत नाही.

इतके करूनही पैसे चुकीच्या खात्यात गेलेच, तर पुरवठादाराशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. त्याच तासाला आपल्या बँकेला लेखी कळवून रक्कम परत मागवण्याचा स्विफ्ट संदेश (बँकांमधला आंतरराष्ट्रीय संदेश) पाठवायला लावावा, १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, व्यवहार संकेतस्थळावरचा असेल तर तिथेही मुदतीच्या आत वाद दाखल करावा आणि मूळ मेल एकही न पुसता जपून ठेवावेत.